भिंतीला कान नाहीत, दात असतात!

माहीत आहे का, जगात एक अशी भिंत आहे जिने एकाच रेसमध्ये तीन वर्ल्ड चॅम्पियन खाल्ले? 1999 ची कॅनेडियन ग्रां प्री. मॉन्ट्रियलच्या शेवटच्या शिकेनमधून बाहेर पडताना आधी डेमन हिल आपटला, मग मायकेल शूमाकर, मग घरच्या प्रेक्षकांचा लाडका जॅक व्हिलनव्ह. तिघांच्याही गाड्या त्याच काँक्रीटवर! आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं होतं? ‘क्यूबेकमध्ये स्वागत!’ तेव्हापासून तिचं नाव पडलं ‘वॉल ऑफ चॅम्पियन्स’. जंगी स्वागत म्हणतात ते हेच!

तर मंडळी, आजची आपली हिरॉइन आहे भिंत. आणि स्टेज आहे स्ट्रीट सर्किट, तेही सिम रेसिंगमधलं. समोर स्क्रीन, हातात स्टिअरिंग, पायाखाली पेडल्स आणि घरबसल्या मोनॅको! नेहमीच्या ट्रॅकवर चुकलात तर बाजूला गवत असतं, खडी असते, मोकळं डांबर असतं. शहराच्या रस्त्यावर मात्र डावीकडे भिंत आणि उजवीकडेही भिंत. मजा अशी की सगळ्यात फास्ट लॅप त्याच भिंतीपासून चार बोटांवर लपलेली असते.

मोनॅको: आकाराने छोटं, दुखणं मोठं

फॉर्म्युला वनच्या कॅलेंडरवरचा सगळ्यात छोटा ट्रॅक कुठला? मोनॅको! लांबी फक्त 3.337 किलोमीटर. बाकी ठिकाणी रेस किमान 305 किलोमीटरची, इथे मात्र स्पेशल सवलत आहे. 78 लॅप्स, 260 किलोमीटर, खेळ खलास.

1929 मध्ये इथली पहिली ग्रां प्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने बुगाटीत बसून जिंकली. सरासरी वेग ताशी 80 किलोमीटर. 2025 च्या क्वालिफायिंगमध्ये लँडो नॉरिसने पोल मारली ती 1 मिनिट 9.954 सेकंदांत, म्हणजे ताशी 171 किलोमीटरच्याही वर. मोनॅकोत 1 मिनिट 10 सेकंदांच्या आतली ही पहिलीच पोल!

आणि तो ग्रोव्हर-विल्यम्स? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा गुप्तहेर झाला, पकडला गेला आणि 1945 मध्ये नाझींच्या छळछावणीत मारला गेला.

टीव्हीवर मोनॅको सपाट दिसतं ना? अजिबात नाही. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या टोकात सुमारे 40 मीटरचा फरक आहे. म्हणून पहिल्यांदा सिममध्ये बसणारे हमखास फसतात. कसिनोकडे चढताना गाडी ब्रेकला झटपट दाद देते, मिराबोकडे उतरताना तोच ब्रेक अपुरा पडतो. पाय तोच, पेडल तेच, बदलला तो फक्त उतार.

कसिनोवरून खाली येताना खऱ्या रेसमधले ड्रायव्हर्स सरळ रस्त्यावरही गाडी किंचित बाजूला घेतात, पाहिलंय? ती स्टाइल नाही. तिथे रस्त्याला एक उंचवटा आहे आणि ब्रेक मारायच्या ऐन वेळी त्याच्यावर चढलात तर पुढची चाकं लॉक. चांगल्या सिममध्ये हा उंचवटाही हजर असतो. तेव्हा नकाशा पाठ करून भागत नाही, रस्त्याचे खड्डे-टेंगळंही पाठ हवीत.

मग येतो हेअरपिन, फॉर्म्युला वनमधला सगळ्यात संथ कॉर्नर. वेग ताशी 50 च्या आसपास! गाडीची चाकं एवढी वळावीत म्हणून टीम्स मोनॅकोसाठी स्टिअरिंगची खास व्यवस्था करतात. तुमच्या सिममध्येही आधी सेटिंग बघा. स्टिअरिंग लॉक कमी ठेवलं असेल तर हेअरपिनमध्ये हात पूर्ण वळलेले आणि गाडी सरळ भिंतीच्या भेटीला!

1988 च्या क्वालिफायिंगमध्ये आयर्टन सेनाने इथे टीममेट अ‍ॅलन प्रॉस्टला किती फरकाने मागे टाकलं? तब्बल 1.427 सेकंदांनी. गाडी सेम, टीम सेम! पण रविवारी भलीमोठी आघाडी असताना त्याने पोर्टिए कॉर्नरला गाडी भिंतीला लावली आणि तिथून चालत थेट आपल्या फ्लॅटवर निघून गेला. मागे कुणी नसताना, निवांत असताना भिंत चावते. सिम रेसिंगमध्ये तर हे दर रात्री कुणा ना कुणाचं होतं.

1996 ला काय झालं माहीत आहे का? पाऊस, गोंधळ, धडाधड अपघात आणि शेवटी चेकर्ड फ्लॅगखालून गाड्या गेल्या फक्त तीन! जिंकला ओलिव्हिए पानिस, 14 व्या नंबरवरून सुरुवात करून. करिअरमधला त्याचा एकमेव विजय. दुसरा आला डेव्हिड कुल्थर्ड, आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं मायकेल शूमाकरचं. स्वतःच्या हेल्मेटची काच धुक्याने भरत होती, म्हणून उसनं घेतलेलं!

आणि हा घ्या जगातला सगळ्यात लांब पिट स्टॉप. 2021, मोनॅको, व्हाल्टेरी बोटासच्या मर्सिडीजचं एक चाक निघेचना. नट झिजून गेला होता. चाक निघालं ते इंग्लंडच्या फॅक्टरीत, 43 तासांनी. असली आफत तुमच्या सिममध्ये येत नाही, एवढी तरी चैन आहेच.

नाव बदलून आलेलं शहर

सेगाने ‘मोनॅको जीपी’ नावाचा आर्केड गेम कधी काढला असेल? 1979 मध्ये! आणि त्यात मायक्रोप्रोसेसरच नव्हता. सगळा खेळ सुट्ट्या लॉजिक चिप्सच्या जाळ्यावर. पुढे 1989 मध्ये आला ‘सुपर मोनॅको जीपी’, आणि 1992 च्या दुसऱ्या भागावर तर खुद्द आयर्टन सेनाचं नाव.

‘ग्रान टुरिस्मो’ खेळलेल्यांनो, ‘कोत दाझूर’ नावाचा ट्रॅक आठवतो? बंदर, बोगदा, हेअरपिन, कसिनो... अहो, तेच ते, मोनॅको! ‘प्रोजेक्ट कार्स’मध्ये तेच शहर ‘अझ्युर सर्किट’ नावाने अवतरलं. नाव परकं, वळणं ओळखीची.

2000 सालच्या ‘मेट्रोपोलिस स्ट्रीट रेसर’ची करामत तर आजही भारी वाटते. लंडन, टोकियो, सॅन फ्रान्सिस्कोचे खरे रस्ते, आणि तिथली वेळ तुमच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या घड्याळाला बांधलेली. लंडनमध्ये दिवस तर टोकियोत रात्र. टोकियोत उन्हात रेस लावायची असेल, तर तुम्हीच वेळ साधायची!

डॅलसमध्ये भिंत चालली!

भिंत चालवली ती ज्ञानेश्वर माउलींनी, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. पण 1984 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसलाही एक भिंत जागची हलली होती, माहीत आहे का?

फॉर्म्युला वनमधलं सेनाचं पहिलंच वर्ष, टीम टोलमन. रेसमध्ये गाडी भिंतीला लागली. त्याने इंजिनिअर पॅट सिमंड्सला सांगितलं की मी चुकलो नाही, भिंत हलली आहे. कुणाचा विश्वास बसणार? पण सेना ऐकेना, म्हणून दोघं जागेवर गेले. आणि खरंच, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या धक्क्याने काँक्रीटचा ब्लॉक काही मिलिमीटर पुढे आला होता! काही मिलिमीटर! प्रत्येक लॅपला भिंतीपासून तेवढंच अंतर ठेवून हा माणूस गाडी चालवत होता.

मला विचाराल तर स्ट्रीट सर्किटवर फास्ट जाणं म्हणजे काय, ते या एका किश्श्यात सगळं आलं. धाडस नंतर. आधी हवी दर लॅपला तीच गोष्ट त्याच जागी करण्याची सवय.

आणि इथे सिम रेसर्सची लॉटरी लागते. सिममधली भिंत जागची हलत नाही! लेझर स्कॅन केलेल्या ट्रॅकवर रस्त्याचा चढ-उतार, कर्बची उंची, भिंतीची जागा, सगळं मिलिमीटरच्या हिशोबात उतरवलेलं असतं. आज जिथे भिंत आहे तिथेच उद्या.

आता गिअर टाका

सगळ्यात महाग चूक गाडी सुरू व्हायच्या आधीच होते, माहीत आहे का? फील्ड ऑफ व्ह्यू! स्क्रीनवर भरपूर दिसावं म्हणून लोक हा आकडा वाढवून ठेवतात. मग वेग असतो त्यापेक्षा जास्त वाटतो, कॉर्नर असतो त्यापेक्षा लांब दिसतो आणि भिंतीचा अंदाज पार गंडतो. स्क्रीनचा आकार आणि तुमचं तिच्यापासूनचं अंतर, या दोन मापांवरून योग्य आकडा निघतो. सुरुवातीला खिडकीतून डोकावल्यासारखं अरुंद वाटेल. चिकाटी धरा.

ब्रेक कुठे मारायचा? शहरात 100-50 मीटरच्या पाट्या दिसतीलच असं नाही. मग पकडा खुणा: झेब्रा क्रॉसिंग, जाहिरातीची कड, गटाराचं झाकण, कुंपणातली फट. फक्त सावलीची खूण पकडू नका! सिममध्ये सूर्य सरकतो, सावली सरकते, आणि दुपारी जमलेला ब्रेकिंग पॉइंट संध्याकाळच्या रेसमध्ये तुम्हाला काँक्रीटवर नेऊन सोडतो.

डोळे जिकडे, गाडी तिकडे. भिंतीकडे टक लावलीत की हात आपोआप तिकडेच वळतात. नजर पुढच्या वळणावर टाका, भिंत कडेच्या नजरेला सांभाळू द्या. ऐकायला साधं, पण लॅप टाइममध्ये याच्याएवढा फरक दुसरं काही पाडत नाही. कॉर्नरमध्ये शिरताना ज्याची नजर एक्झिटवर पोहोचलेली असते, त्याचं स्टिअरिंग शांत दिसतं, बघा.

पायाला स्मरणशक्ती असते, माहीत आहे का? म्हणूनच लोड सेल ब्रेकचा एवढा बोलबाला. साधं पेडल मोजतं ते पाय किती खाली गेला हे, लोड सेल मोजतो तुम्ही किती जोर लावला ते. आपले स्नायू अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात ठेवतात. स्ट्रीट सर्किटवर प्रत्येक ब्रेकिंग दर वेळी हुबेहूब तसंच हवं, तिथे हे पेडल सोन्याचं ठरतं.

आता सेटअप. मोनॅकोसाठी विंग चढवा, सस्पेन्शन मऊ करा, गाडी जमिनीपासून थोडी उचला. शहराचा रस्ता रेससाठी बांधलेला नसतो. बसेस आणि ट्रक्सनी तो दाबलेला असतो, मधोमध फुगलेला आणि कडेला उतरता असतो. कडक, जमिनीला टेकलेली गाडी गुळगुळीत ट्रॅकवर उडते, आणि इथेही उडते, पण भलत्या दिशेला.

कुठला कॉर्नर जीव तोडून घ्यायचा? ज्याच्यापुढे लांब सरळ रस्ता आहे तो! मोनॅकोत पोर्टिएमधून नीट बाहेर पडलात तर बोगद्याचा पूर्ण फायदा. हेअरपिनमध्ये हिरोगिरी करून वाचतो तो सेकंदाचा चिमूटभर भाग, आणि वाया जातो फ्रंट विंग.

आणि हो, ट्रॅक दर लॅपला बदलतो! गाड्यांचं रबर रस्त्यावर बसतं, ग्रिप वाढते. संध्याकाळी रस्ता वाहतुकीला खुला झाला की सकाळी पुन्हा धूळ. ‘आरफॅक्टर 2’ आणि ‘आयरेसिंग’ हे दोन्ही सिम रबर बसण्याचा हा प्रकारही हिशोबात धरतात. म्हणून पहिल्या लॅप्समध्ये हात राखून चालवा. ब्रेक लवकर, भिंतीपासून अंतर चांगलं हातभर. मग दर लॅपला थोडं थोडं जवळ. पहिल्याच लॅपला चार बोटांवर जाणाऱ्याची दुसरी लॅप बहुतेक वेळा होत नाही.

माझा आग्रह एकच: डॅमेज ऑन ठेवा आणि रिस्टार्टच्या बटणावरून बोट काढा. भिंत लागली की लगेच रिस्टार्ट मारणारा पहिल्या तीन कॉर्नर्सचा मास्टर होतो, बाकी शहर त्याला अनोळखीच राहतं. सलग दहा क्लीन लॅप्स काढून बघा. टाइम कितीही असू दे. अकरावी लॅप स्वतःहून फास्ट येते.

एक शहर, एक खोडी

बाकू! 2.2 किलोमीटरचा सरळ पट्टा, आणि त्याच लॅपमध्ये जुन्या किल्ल्याला लागून जेमतेम 7.6 मीटर रुंदीचा बोळ. सरळ पट्ट्यासाठी विंग कमी करावी, तर किल्ल्यापाशी गाडी घसरते. किल्ल्यासाठी वाढवावी, तर पट्ट्यावर सगळे टाटा करत पुढे जातात. सिममधल्या सेटअपच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे.

मकाव! 6.12 किलोमीटर, आणि मेल्को हेअरपिनला रस्ता फक्त 7 मीटर. 1983 मध्ये इथे पहिल्यांदा फॉर्म्युला थ्रीच्या गाड्या धावल्या. जिंकलं कोण? पुन्हा सेना!

सिंगापूर! फॉर्म्युला वनची पहिली नाइट रेस, 2008. तेव्हापासून 2023 पर्यंत एकही रेस सेफ्टी कारशिवाय झाली नाही. 2024 ला पहिल्यांदा ती गॅरेजमध्ये बसून राहिली.

लास व्हेगास! 2023 च्या पहिल्याच प्रॅक्टिसमध्ये रस्त्यातल्या झाकणाने कार्लोस साइन्झची फेरारी फाडली. चूक रस्त्याची, आणि बॅटरी बदलावी लागली म्हणून दहा जागांची पेनल्टी साइन्झला!

आधी गेम, मग गाव

शिकागोचं स्ट्रीट सर्किट आधी कुठे धावलं, माहीत आहे का? ‘आयरेसिंग’मध्ये! जून 2021 मध्ये नॅस्कारच्या ड्रायव्हर्सची व्हर्च्युअल रेस तिथे झाली. खरी रेस जाहीर झाली 2022 मध्ये आणि लागली 2 जुलै 2023 ला. जिंकला न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिझबर्गन, नॅस्कारमधल्या आपल्या पहिल्याच कप रेसमध्ये. असं त्याआधी घडलं होतं 1963 मध्ये! आणि हा पठ्ठ्या स्वतः सिम रेसिंगचा पक्का शौकीन.

लास व्हेगासचंही तेच. ‘एफ1 23’ गेम जूनमध्ये आला, खरी रेस नोव्हेंबरात. म्हणजे पाच महिने आधीच गेमर्सनी स्ट्रिपवर गाड्या पळवल्याही होत्या.

जेद्दाहची गंमत थोडी कडू आहे. 6.174 किलोमीटर, 27 कॉर्नर्स, सरासरी वेग ताशी 250 च्या घरात. तुर्कीचा जेम बोलुकबाशी फॉर्म्युला वनच्या ईस्पोर्ट्समधून वर चढत 2022 मध्ये फॉर्म्युला टूमध्ये पोहोचला. केवढी झेप! पण जेद्दाहच्या प्रॅक्टिसमध्ये गाडी भिंतीवर गेली, डोक्याला मार बसला आणि त्या वीकेंडच्या रेस हुकल्या. तिथे रिस्टार्टचं बटण नसतं.

उलट दिशेचा किस्सा ऐका. मे 2020, लॉकडाऊन, इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ईचे खरे ड्रायव्हर्स घरून ऑनलाइन रेस करतायत. डॅनियल आब्ट तिसरा आला. मस्त! पण गाडी तो चालवतच नव्हता. त्याच्या जागी एक प्रोफेशनल सिम रेसर बसला होता. निकाल रद्द, 10,000 युरो दान करण्याचा दंड आणि त्याच्या ऑडी टीमकडून निलंबन. एक मात्र सिद्ध झालं: सिममध्ये फास्ट जायला खऱ्या ड्रायव्हरलाही एक्स्पर्ट लागतो!

त्याच मे महिन्यात व्हर्च्युअल मोनॅको ग्रां प्री जिंकली जॉर्ज रसेलने. ती मात्र स्वतः चालवून.

आपल्या मातीतले टायर

सिम रेसिंगमध्ये पैसा असतो का हो? जानेवारी 2017, लास व्हेगास. फॉर्म्युला ईची रेस, ट्रॅक कॉम्प्युटरमध्ये रचलेलं स्ट्रीट सर्किट, एकूण बक्षीस 10 लाख डॉलर! नेदरलँड्सचा सिम रेसर बोनो हाउस जिंकला. खऱ्या ड्रायव्हर्समध्ये सगळ्यात पुढे कोण होता? आपल्या महिंद्रा रेसिंगचा फेलिक्स रोझेनक्विस्ट.

11 फेब्रुवारी 2023 ला फॉर्म्युला ई खरोखर भारतात आली. हैदराबाद, हुसेन सागरच्या काठचा 2.8 किलोमीटरचा ट्रॅक, विजेता जाँ-एरिक व्हर्न. पाठोपाठ 2024 मध्ये चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवती दिव्यांच्या झगमगाटात देशातली पहिली नाइट स्ट्रीट रेस.

आणि टोकियो? तिथल्या राष्ट्रीय मार्ग 246 वर ‘ग्रान टुरिस्मो 3’वाले 2001 पासून गाड्या पळवत होते. खऱ्या टोकियोच्या रस्त्यावर फॉर्म्युला ई उतरायला मार्च 2024 उजाडलं. त्या ग्रिडवर मासेराटीच्या गाडीत एक मुंबईकरही होता, जेहान दारुवाला! आणि रेस जिंकली त्याच्याच टीममेटने, मॅक्सिमिलियन गुंथरने.